आठवी युट

मी मिस्टर टिंडलना सगळं खरं सांगून टाकलं. त्यांच्या स्वयंपाकघरात, उभ्या उभ्या, गुरुवारी दुपारी सव्वाबाराला. त्यांनी ऐकून घेतलं, किटली लावली आणि दूध घालू का विचारलं. हे एकदा सांगितलं म्हणजे झालं. आता हे घडलंच नाही असं धरून चालू. मला त्याची सवय आहे. आमच्या धंद्यात बरंच काही धरून चालावं लागतं, आणि गेले नऊ महिने तर मी एक अख्खं जहाज धरून चाललोय.

तर गुरुवार सकाळ, दहाला दहा कमी, आणि मी अजून कुणालाही काहीही सांगितलेलं नाही. शोरूमची पांढरी डेमो गाडी घेऊन मी नंबरप्लेट आणायला निघालो होतो आणि रेल्वे फाटकाशी मालगाडी जाईपर्यंत थांबलो होतो. माझ्यापुढे एक नारिंगी युट होती. पुढे माणसं, मागे उघडा हौदा, हौद्यात दोन गवत कापायची यंत्रं आणि दारावर कौन्सिलचा, म्हणजे आमच्या नगरपालिकेचा, शिक्का. आमच्या वॉरिंगलमध्ये दर तिसरी गाडी युट असते, पण नारिंगी एकच आहे. ड्रायव्हर यंत्राचा सुटलेला पट्टा आवळायला खाली उतरला. सहा फूट चार इंच तरी असेल. उतरताना त्याची नडगी दाराखालच्या लोखंडी पायरीवर आदळली. त्यानं पायरीला एक शिवी हासडली, अगदी शांतपणे, रोज सकाळी घालतात तशी. शिवी पायरीला होती, पण लागली मला. ती पायरी एका शहाऐंशी किलोच्या म्हाताऱ्याच्या डाव्या गुडघ्यासाठी, जमिनीपासून मोजून अठ्ठावीस सेंटिमीटरवर बसवलेली होती. मोजताना टेपचं दुसरं टोक मी धरलं होतं.

फाटक उघडलं. मला डावीकडे जायचं होतं. मी सरळ गेलो.

खासगी गिऱ्हाईक आणि फ्लीट यांतला फरक आमच्याकडे पहिल्या दिवशी शिकवतात. फ्लीट म्हणजे कौन्सिल, खाण, वीज कंपनी, जे एकदम आठ घेतात, ईमेलवर घेतात, आत बसूनसुद्धा बघत नाहीत. खासगी म्हणजे माणूस. माणूस चार वेळा येतो, दार उघडून लावून आवाज ऐकतो, बायकोला मागे बसवून बघतो, घरी जाऊन विचार करतो. माणूस गाडी न्यायला येतो तेव्हा आम्ही गाडीवर काळं रेशमी कापड घालतो, वर लाल फितीचं फूल बांधतो, कापड ओढतो, भिंतीवरची पितळी घंटा वाजवतो, फोटो काढतो आणि चॉकलेटचा डबा देतो. फ्लीटच्या किल्ल्या आम्ही आइस्क्रीमच्या रिकाम्या बादलीत देतो. इतकं सगळं माणसासाठी करूनही, महिनाअखेरीला आकडा भरतो तो बादलीवाल्यांमुळे. आमची मॅनेजर ट्रिश वॉल्ड्रन म्हणते की खासगी गिऱ्हाईक हा आपला आत्मा आहे आणि फ्लीट हे आपलं पोट आहे, आणि आत्म्याला कधी बारा वाजता भूक लागत नाही. ट्रिश वाईट नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण या गोष्टीत कुणीतरी वाईट असतं तर माझी सोय झाली असती.

मिस्टर टिंडल खासगी होते. इतका खासगी माणूस मी पाहिला नाही. एकोणचाळीस वर्षं त्यांनी शाळेची बस चालवली. बस कंपनीची. त्याआधी धान्याचा ट्रक, तोही कंपनीचा. घरची गाडी म्हणून लिलावातून आणलेल्या कौन्सिलच्या जुन्या पांढऱ्या गाड्या, एकामागून एक पाच. पाचव्या गाडीच्या दारावर ऊन पडलं की खरवडून काढलेला शिक्का अजून दिसतो. चौऱ्याऐंशीव्या वर्षी ते शोरूममध्ये आले, टोपी काढली आणि म्हणाले, "लॅकी, जन्मभर दुसऱ्याची गाडी चालवली. आता एक माझी दे. कोरी. पांढरी सोडून कुठलीही."

मी रंगांचं कार्ड पुढे केलं. त्यांनी नारिंगीवर बोट ठेवलं.

"ही रस्त्याची कामं करणाऱ्यांची वाटेल," मी म्हटलं.

"वाटू दे. बेरिलला लांबून दिसायला हवी."

बेरिल त्यांची बायको. सेहेचाळीस किलोमीटरवर मुरंगा गावात वृद्धांचं शुश्रूषागृह आहे, तिथे असते. इथे जागा मिळाली नाही. तिची खिडकी रस्त्याकडे आहे आणि रस्ता इतका सपाट, इतका सरळ की येणारी गाडी पाच मिनिटं आधी दिसते. पण येणारी प्रत्येक गाडी पांढरी. दर गुरुवारी आणि रविवारी बेरिल सकाळपासून प्रत्येक पांढऱ्या गाडीला हात करायची आणि त्यातली एक तिची निघायची. "दमते ती," मिस्टर टिंडल म्हणाले. "खांदा दुखतो." रंगांच्या कार्डातला नारिंगी चौकोन त्यांनी माझ्याकडून कापून घेतला आणि तिच्या खिडकीला चिकटवून आले. या रंगाची आली की मी आलो समज, असं सांगून.

मी अजूनही नारिंगी युटच्या मागेच होतो. गव्हाची कापलेली शेतं दोन्ही बाजूंनी. ताशी शंभरला स्पीडोमीटरचा काटा स्थिर झाला की डोकं मागे जातं. हा रस्ता मला पाठ आहे, कारण आमच्या शेताचं फाटक याच रस्त्यावर, एकतिसाव्या किलोमीटरला. सकाळी सात चाळीसला बस यायची. मी कधीच सात चाळीसला तयार नसायचो. बूट सापडायचा नाही, मग दुसरा सापडायचा नाही. आणि बस थांबायची. हॉर्न नाही, ओरडणं नाही. दार उघडं ठेवून मिस्टर टिंडल स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत बसायचे, आणि मागे सव्वीस मुलं माझ्या नावानं ओरडत असायची. मी चढलो की ते घड्याळाकडे न बघता, मला आडनावानं हाक मारत म्हणायचे, "चार मिनिटं, पर्टिल. सुधारणा आहे." सात वर्षं, रोज चार मिनिटं. हिशेब करावासा वाटला होता एकदा, पण केला नाही. काही आकडे न मोजलेलेच बरे.

आता ती जूनची सव्वीस तारीख. आमच्याकडे आर्थिक वर्ष जूनअखेर संपतं आणि शेवटच्या आठवड्यात माणसं माणसांसारखी वागत नाहीत. कौन्सिलला आठ युट हव्या होत्या, तीस तारखेच्या आत, नाहीतर पुढच्या तीन वर्षांचं कंत्राट पलीकडच्या शोरूमला. सात पांढऱ्या आल्या. आठवी बंदरात कागदपत्रांवरून अडकली. आणि यार्डात, धुऊन पुसून, अठ्ठावीस सेंटिमीटरची पायरी लावून, मिस्टर टिंडलची नारिंगी उभी होती. काळं कापड मी स्वतः इस्त्री करून ठेवलं होतं. ट्रिश काचेतून तिच्याकडे बघत होती.

"मर्व्हची तयार दिसतेय," ती म्हणाली. मिस्टर टिंडलना गावात सगळे मर्व्ह म्हणतात.

"मर्व्हची मर्व्हची आहे."

"मर्व्ह थांबेल. खासगी थांबतं. फ्लीट थांबत नाही, फ्लीट रस्ता ओलांडून पलीकडे जातं."

"ती नारिंगी आहे, ट्रिश."

"कौन्सिलच्या अर्जात रंगाचा रकानाच नाहीये. मी बघितलं."

"पायरी लावलीय तिला."

"मग त्यांना एक पायरी फुकट." मग तिनं टेबलावरचा फोन जवळ ओढला. "फोन तू करतोस की मी करू? मी केला तर खरं सांगेन. चिडेल, दोन दिवस शिव्या देईल, मग येईल."

मी म्हटलं, मी करतो. एवढंच. सगळ्या प्रकरणात मला विचारून झालेली गोष्ट ती एकच, आणि तिला मी हो म्हटलं. फोन लावला. मिस्टर टिंडल पहिल्याच घंटेला म्हणाले, "आली?" आणि माझ्या तोंडून, मी काही ठरवलेलं नसताना, अत्यंत सराईतपणे एक जहाज बाहेर पडलं.

जहाज उशिरा आहे, मी म्हटलं. किती, त्यांनी विचारलं. तपासणीसाठी बंदराबाहेर उभं केलंय, त्यात किडे सापडले. हे किड्यांचं आमच्या धंद्यात खरंच होतं. एक दुर्गंधी सोडणारा किडा गाड्यांच्या फटींतून येतो आणि त्याच्यापायी अख्खी जहाजं परत पाठवतात. त्यामुळे खोटं सांगतोय असं मला पुरतं वाटलंही नाही. फक्त ते किडे दुसऱ्या कुणाच्या तरी जहाजात होते.

"किती किडे?"

"बरेच."

"असं," ते म्हणाले. "मग नीट साफ करू दे त्यांना. घाई नाही."

त्या आठवड्यात त्यांनी लायब्ररीतून किड्यांवरचं पुस्तक आणलं. दर मंगळवारी अकरा वाजता ते शोरूममध्ये यायला लागले. हातात कागदी पिशवी, पिशवीत त्यांच्या झाडाची लिंबं. "जहाजाचं काय?" ते विचारायचे, आणि मी सांगायचो. जुलैमध्ये जहाज धुरी द्यायला परत गेलं. ऑगस्टमध्ये कप्तान बदलला. कप्तान का बदलला हे मला आजही माहीत नाही. त्याचं लग्न होतं असं मी बोलून गेलो, आणि पुढच्या मंगळवारी मिस्टर टिंडलनी विचारलं, लग्न नीट झालं का. मी म्हटलं, झालं. सप्टेंबरमध्ये दुसरं बंदर. शोरूमच्या भिंतीवर जगाचा नकाशा होता, त्यावर त्यांनी एक निळी टाचणी टोचली आणि मला विचारून विचारून ती हलवायला लागले. एकदा ट्रिश टाचणीकडे बघून म्हणाली, "ही काय भानगड आहे?" मी म्हटलं, जहाज. ती नकाशाजवळ गेली आणि म्हणाली, "लॅकी, ते वाळवंटात आहे." मी टाचणी दोन बोटं वर सरकवली. घरी लिंबं इतकी झाली की मी ती वाटायला लागलो, तर लोक म्हणायला लागले, वा, मर्व्हच्या झाडाची दिसतायत.

ऑगस्टमध्येच यार्डात एक पांढरी युट आली होती. ऑटोमॅटिक, क्लच नसलेली. पायरी तासाभरात लागली असती. दार उघडून म्हणता आलं असतं, मिस्टर टिंडल, नारिंगी येईपर्यंत ही घ्या. पण तसं म्हणायचं तर नारिंगी कुठे गेली ते सांगावं लागलं असतं, आणि तोवर जहाजाला कप्तान होता, कप्तानाला बायको होती. पांढरी कुणा प्लंबरनं नेली. आम्ही घंटा वाजवली.

जानेवारीत मिस्टर टिंडलना पंच्याऐंशी पूर्ण झाली. पंच्याऐंशी झाली की आमच्याकडे परीक्षक शेजारी बसून पुन्हा गाडी चालवायला लावतो. ते परीक्षेला गेले त्यांच्या पाचव्या पांढऱ्या गाडीतून, जिचा क्लच डाव्या पायानं दाबावा लागतो. डावा गुडघा वेळेवर वाकला नाही. गाडी चौकात दोनदा बंद पडली. परीक्षक चांगला माणूस होता, त्यानं लायसन्स काढून घेतलं नाही, फक्त लहान केलं: घरापासून दहा किलोमीटर, त्यापुढे नाही. मंगळवारी आले तेव्हा मिस्टर टिंडलनी मला तो कागद दाखवला. दुकान, दवाखाना, चर्च, शोरूम, सगळं दहात बसत होतं. "सव्वीस पोरं घेऊन पुरातून बस काढलीय मी," ते म्हणाले. एवढंच म्हणाले. मग म्हणाले, "जहाजाचं काय?"

मुरंगा सेहेचाळीसवर आहे. शेजारीण त्यांना रविवारी नेते. गुरुवारी तिला काम असतं. गुरुवार गेला.

आणि मग मागचा मंगळवार. लिंबं टेबलावर ठेवून ते बराच वेळ नकाशाकडे बघत बसले. टाचणी आमच्या किनाऱ्याच्या अगदी जवळ होती, कारण नवी युट खरोखरच पुढच्या महिन्यात येणार आहे, आणि एकदा का ती आली की जहाज बुडवून टाकायचं असं मी ठरवलं होतं. "बेरिल बोलत नाही माझ्याशी," ते म्हणाले. मी विचारलं, काय झालं. "म्हणते, गुरुवारी आलास, नव्या गाडीतून आलास, हात केलास, आणि आत न येता निघून गेलास. पाच गुरुवार. मी म्हटलं, अगं मी घरी होतो. तर म्हणते, मी आंधळी नाही." त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवून तिची कड सरळ केली. "नर्सनी फायलीत लिहिलंय. नसलेल्या गोष्टी दिसतात. आता तिला आतल्या बाजूच्या खोलीत हलवायचं म्हणतायत, खिडकीमुळे अस्वस्थ होते म्हणून." मी म्हटलं, वाईट वाटलं ऐकून. खरंच वाटलं होतं. त्या वेळी मला सगळे दोन आणि दोन माहीत होते आणि चार कुठे दिसत नव्हते. फक्त पाठीतून एक गार काहीतरी गेलं, आणि मी त्याला एअर कंडिशनर धरून चाललो.

आमच्या शेताचं फाटक मागे गेलं. युट सरळच जात होती. चाळिसावा किलोमीटर. आता मला वाटायला लागलं की हिनं वळावं. उजवीकडे कचरा डेपो होता, कौन्सिलच्या गाडीला तिथे शंभर कामं असतात. डेपो गेला. मुरंगाची पाटी आली. युटनं वेग कमी केला, मीही केला, आणि डावीकडे ती एकमजली विटांची इमारत दिसायला लागली, रस्त्याकडे ओळीनं खिडक्या. तिसऱ्या खिडकीत काचेवर पत्त्याएवढा नारिंगी चौकोन होता. चौकोनाच्या खाली एक पांढरं डोकं. एक हात वर झाला. नुसता वर झाला नाही, थांबून राहिला, शाळेत उत्तर येणाऱ्या मुलाचा राहतो तसा. आणि युटच्या खिडकीतून त्या सहा फूट चार इंचवाल्याचा हात बाहेर आला आणि त्यानं मनापासून हात केला. मग युट रस्ता ओलांडून समोरच्या दफनभूमीच्या फाटकातून आत गेली. खिडकीतला हात हळूहळू खाली आला. मी तिथेच रस्त्याच्या कडेला थांबलो होतो, तिच्यापासून तीस पावलांवर. तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझी गाडी पांढरी होती.

मी दफनभूमीत गेलो. तो यंत्र उतरवत होता. "त्या बाईंना ओळखता का?" मी विचारलं.

"कुठल्या? हात करतात त्या? छे." त्यानं नडगी चोळली. "फेब्रुवारीपासून इथलं गवत कापायचं काम आमच्याकडे आलंय, तेव्हापासून दर गुरुवारी करतात. आपण केला की बरं वाटतं म्हाताऱ्या माणसाला. का रे?"

"काही नाही," मी म्हटलं.

"ही पायरी तुम्हीच बसवली ना रे? तुझ्या शर्टावर नाव आहे शोरूमचं. कुणाच्या डोक्यातून निघाली ही?"

मी परत फिरलो. खरं सांगायचं तर आत जायला हवं होतं, तिसऱ्या खिडकीपाशी. मी परत फिरलो. सेहेचाळीस किलोमीटर मी काय विचार केला ते मला आठवत नाही. बूट आठवत होता, न सापडणारा, आणि उघडं दार. आणि मग ते स्वयंपाकघर आलं, जे घडलंच नाही असं आपण सुरुवातीला धरलं होतं. ते आता धरवत नाही.

मिस्टर टिंडल भांडी पुसत होते. मी सगळं एका दमात सांगितलं. जून, बादली, आठवी युट, तिसरी खिडकी. त्यांनी फडकं वाळत घातलं.

"किडे पण नव्हते?"

"नव्हते."

"कप्तान?"

"नाही."

"मी पुस्तकाची मुदत दोनदा वाढवून घेतली होती," ते म्हणाले. किटली लावली. तिला उकळायला वेळ लागला आणि तेवढा वेळ ते समोर बघत उभे राहिले, हात ओट्यावर ठेवून, अगदी ओळखीच्या पद्धतीनं. वाटलं, आता म्हणतील, नऊ महिने, पर्टिल. ते तसं म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर मी मोकळा झालो असतो. "म्हणजे तिला बरोबर दिसत होतं," ते म्हणाले. "मीच तिला म्हटलं, तुला भास होतायत. आधी मी म्हटलं, मग नर्सनी लिहिलं." मग कप खाली काढत, "गाडीचं राहू दे. तिच्या फायलीतलं ते काढून आण. दूध घालू?"

मी घाला म्हटलं. चहा प्यायलो. तो कपभर चहा मी कसा प्यायलो हे मला सांगता येणार नाही.

शुश्रूषागृहाला फोन केला. बाई सभ्य होत्या. नोंद खोडता येत नाही, म्हणाल्या, फक्त जोडता येते, तीही योग्य अर्ज आल्यास. लायसन्स खात्याला फोन केला. ते म्हणाले, पुन्हा परीक्षा देता येईल, पण नवीन गुडघ्याचा दाखला लागेल. तेव्हा मी शोरूमच्या कागदावर, ट्रिश काचेतून बघत असताना, लिहिलं:

प्रति, व्यवस्थापक, वृद्ध शुश्रूषागृह, मुरंगा. प्रत: वाहन परवाना खाते. विषय: श्रीमती बेरिल टिंडल यांच्या नोंदीत दुरुस्ती आणि श्री. मर्व्हिन टिंडल यांच्या परवान्याच्या हद्दीत वाढ. महोदय, आपल्या नोंदीत नमूद पाच गुरुवारी श्रीमती टिंडल यांना दिसलेली नारिंगी युट अस्तित्वात होती व आहे. ती खासगी गिऱ्हाइकाची असून माझ्या हातून फ्लीटमध्ये गेली. सबब, त्यांना दिसले ते बरोबर होते, अशी नोंद घेऊन त्यांची खिडकी आहे तिथे ठेवण्यात यावी. जे जहाज नव्हते त्याची वाट पाहण्यात श्री. टिंडल यांचे गेलेले नऊ महिने त्यांच्या वयातून वजा करून परवाना सेहेचाळीस किलोमीटरपर्यंत वाढवण्यात यावा. आणि वरील पाचही गुरुवारी श्री. टिंडल हे स्वतःच्या गाडीने आले होते, पायरीवरून नीट उतरले होते, आत गेले होते व चहा होईपर्यंत थांबले होते, असे धरण्यात यावे, ही विनंती.